जिंकला म्हणून वजन? भाऊ, थोडं ऐका

घोड्यांच्या शर्यतीबद्दल एका भाऊंनी विचारलं, "जो घोडा जिंकतो त्याच्याच पाठीवर वजन लादायचं, हा कोणता न्याय?" शंकरपट (बैलजोड्यांची शर्यत) पाहत मोठं झालेल्याला हे खटकणारच. आपल्या पटात जोडी घड्याळाशी धावते, सेकंद कमी लागले की विषय संपला. माझ्या काकांनाही हँडिकॅप, म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन देऊन शर्यत बरोबरीची करायची पद्धत, समजावला तर म्हणाले, "मंग जिंकून पाप केलं का त्यानं?"

पण ती शिक्षा नाही, मोजणी आहे. हँडिकॅपर, म्हणजे ही वजनं ठरवणारा अधिकारी, प्रत्येक घोड्याला आधीच्या कामगिरीवरून रेटिंग (गुण) देतो. आपल्याकडे एका गुणाला अर्धा किलो धरतात. समजा एकाचं रेटिंग ६४ आणि दुसऱ्याचं ४८. फरक १६ गुणांचा, म्हणजे ८ किलो. पहिल्यावर ६० किलो, तर दुसऱ्यावर ५२. यात जॉकी (घोडेस्वार) आणि खोगीर दोन्ही आले. दोन्ही मिळून ५५ भरले तर उरलेलं ५ किलो शिसं खोगिराच्या कप्प्यात. शर्यतीआधी आणि नंतरही जॉकीला काट्यावर उभं राहावं लागतं. (कापूस मोजणाऱ्या काही काट्यांपेक्षा हा काटा बरा!)

जिंकला की रेटिंग चढतं, हरत राहिला की उतरतं. म्हणून मुद्दाम हरवून रेटिंग पाडायची लबाडीही होते, स्टुअर्डांचं (शर्यतीवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांचं) लक्ष त्यावरच असतं.

डर्बी या मोठ्या शर्यतीत मात्र हे नाही. तिथं नर घोड्यांना सारखं वजन, माद्यांना थोडी सूट.

वजनानं खरंच फरक पडतो का? फार लॅप नावाचा घोडा १९३० चा मेलबर्न कप, ही ऑस्ट्रेलियातली मोठी हँडिकॅप शर्यत, जिंकला. १९३१ ला त्याच शर्यतीत त्याच्यावर सुमारे ६८ किलो चढवले, तर आठवा आला.