मुळात साचा एकच

वर कुणीतरी लिहिलंय की स्त्री-पुरुषांच्या जननसंस्था इतक्या वेगळ्या की तुलना कसली करायची. मला उलटंच वाटतं. गर्भ साधारण ६ आठवड्यांचा होईपर्यंत दोघांच्या जननग्रंथी सारख्याच दिसतात. शिवाय नळ्यांच्या दोन्ही जोड्या, एक पुरुषाची आणि एक स्त्रीची, प्रत्येक गर्भात असतात. वाय गुणसूत्रावरच्या एसआरवाय जनुकाने (हे १९९० साली सापडलं) इशारा दिला की त्याच ग्रंथींचे वृषण होतात, एरवी बीजांडकोश. मग एका जोडीच्या शुक्रवाहिन्या होतात किंवा दुसरीचं गर्भाशय आणि बीजवाहिन्या. उरलेली जोडी जवळपास विरून जाते.

वृषणही आधी पोटातच, मूत्रपिंडाजवळ असतात. जन्माआधी ते खाली उतरतात, कारण शुक्राणू बनायला शरीरापेक्षा २-३ अंश थंड जागा लागते. त्यांच्या रक्तवाहिन्या नि चेतातंतू मात्र वरून, मूत्रपिंडाजवळूनच येतात, म्हणून मूतखड्याची कळ थेट वृषणात जाते. माझ्या भावाला ती आली तेव्हा पठ्ठ्या लाजेपायी दोन तास 'पाठ दुखतेय' एवढंच सांगत होता!

खरा फरक हिशोबाचा. मुलगी जन्मते तेव्हाच १० ते २० लाख अपक्व बीजांडं घेऊन येते, वयात येईपर्यंत ३-४ लाख उरतात आणि आयुष्यभरात बाहेर पडतात जेमतेम ४००-५००. पुरुषाचा कारखाना रोज चालू, पण एक खेप तयार व्हायला सुमारे अडीच महिने. त्यामुळे जोरदार ताप येऊन गेल्यावर लगेच केलेल्या वीर्यतपासणीत आकडा कमी आला, तर डॉक्टर तीनेक महिन्यांनी परत करायला सांगतात.