स्वादुपिंडाचा कॅन्सर: सगळ्या गाठी काढायलाच पाहिजेत

गंगाखेडकर: काकांचं व्हिपल झालं, म्हणजे स्वादुपिंडाचं डोकं आणि आजूबाजूचा भाग काढायचं मोठं ऑपरेशन. रिपोर्टात १७ लसिका गाठी (लिम्फ नोड), ५ मध्ये कॅन्सर. मागच्या, महाधमनीजवळच्या गाठी डॉक्टरनं तशाच ठेवल्या. वर्षाच्या आत लिव्हरला पसरलं, काका गेले. सही करण्याआधी 'सगळ्या गाठी काढणार' असं लिहून घ्या.

लातूर_सर्जरी: काकांचं वाईट वाटलं, पण हा सल्ला कुणी ऐकू नका. हे तपासून झालंय. इटली १९९८, अमेरिका २००२, जपान २०१२. एका गटाच्या ठरलेल्या गाठी काढल्या, दुसऱ्याच्या पार मागपर्यंत. दुसरा गट जास्त जगला नाही. उलट आतड्याच्या धमनीभोवतीचं मज्जातंतूंचं जाळं खरवडलं की जुलाब थांबत नाहीत, माणूस वाळतो, केमो सुरू व्हायला उशीर होतो. आणि लिव्हरला कॅन्सर रक्तातून जातो. मागच्या गाठी काढून ती वाट बंद होत नाही.

गंगाखेडकर: तुमची इटली-जपान आमच्या काकूला येऊन सांगा. तण अर्धं ठेवून कुणी खुरपतं का?

माजलगावची_लेक: तुमच्या १७ मोजल्या तरी! आमच्या आप्पांच्या रिपोर्टात ४, चारही निगेटिव्ह. आम्ही पेढे वाटले. नंतर दुसऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, किमान १२-१५ तपासल्याशिवाय त्या 'निगेटिव्ह'वर विसंबता येत नाही. बाकीच्या पोटात राहिल्या की लॅबनं शोधल्याच नाहीत, आजवर कुणी सांगितलं नाही.

जालनेकर: म्हणून म्हणतो, मुंबई गाठा. इकडं हात लावू देऊ नका.

हिंगोली_७७: काय सांगायलात! परळच्या फुटपाथवर आजारी आईला घेऊन झोपलात का कधी? तारखेवर तारीख. सोयाबीनचे पैसे लॉजवाल्यानंच नेले. संभाजीनगरला सरकारी कॅन्सर हॉस्पिटल आहे, तिथं सोयी वाढवा म्हणून ओरडा की.

जालनेकर: ओरडतो. पण पेशंट तोवर थांबत नसतो. कुठंही जा, वर्षाला व्हिपल किती करता ते आधी विचारा.

हिंगोली_७७: विचारलं की 'तुम्हालाच लई कळतं का' म्हणतात. तुमच्यासारख्या गाडीवाल्यांना सांगत असतील.

जालनेकर: गाडीवर जाऊ नका. याच आजारानं बायको गेलीय माझी.

लातूर_सर्जरी: माजलगावच्या ताईंचं मान्य. काढलेला भाग लॅबनं नीट चाळलाच पाहिजे. ४ किंवा जास्त गाठींत कॅन्सर निघाला तर स्टेज बदलते. पण मोजणी नीट करा म्हणणं वेगळं, पोट खरवडा म्हणणं वेगळं.

गंगाखेडकर: बरं, मागच्या गाठींचं सोडतो. पण हेच ऑपरेशनआधी काकूला शेजारी बसवून सांगायला काय झालं होतं? तुमच्या वॉर्डात तेवढं तरी करा.