रेशनचं केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) होत नाही, आईचा अंगठाच उमटत नाही. मदत हवी आहे

पायरीवरची: दोन महिने झाले रेशन कापलंय. मशीनवर आईचा अंगठा येतच नाही. दुकानदार म्हणतो केवायसी नाही तर धान्य नाही, गावाला जाऊन करा. आई चार घरची धुणीभांडी करते, एक दिवस गेला की खाडा. लवकर सांगा कोणीतरी.

टपरीवाला: कार्ड कुठल्या रंगाचं? गाव कुठलं? पूर्ण बंद की कमी?

पायरीवरची: केशरी, प्राधान्यवालं. गेवराई, बीड जिल्हा. राहतो पुण्यात, इथेच उचलतो. चौघांचं २० किलो यायचं, आता १५ देतो.

टपरीवाला: मग रेशन बंद नाही, फक्त आईचे ५ किलो बंद आहेत. हे आधी सांगायचं ना! धान्य उचलायला घरातल्या कुणाचाही अंगठा चालतो, केवायसी मात्र ज्याची त्यानेच करायची. त्यासाठी गेवराई गाठायची गरज नाही, राज्यातल्या कुठल्याही रेशन दुकानात होते.

नीलमोहर: भांड्यांची पावडर बोटं खाते गं. माझ्या सासूबाई आदल्या रात्री खोबरेल चोळून झोपायच्या. अंगठ्यावर अडून बसू नका, दहाही बोटं लावून बघा. त्यांची करंगळी लागली होती.

स्पष्टवक्ता६२: २०२८ अखेरपर्यंत हे धान्य फुकटच आहे. रेशनचा तांदूळ विकणारे मी डोळ्यांनी पाहिलेत.

टपरीवाला: काका, ५ किलोत कोणी बंगला बांधत नाही. या कार्डाला शहरात घरच्या उत्पन्नाची वर्षाला ५९ हजारांची मर्यादा, म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाही. तुमच्याकडची भांडीवाली किती घेते?

स्पष्टवक्ता६२: तो विषय वेगळा.

माऊली_कृपा: ताई, आईंचा संजय गांधी निराधारचा फॉर्म भरा. विधवांना महिना १५०० मिळतात.

पायरीवरची: वडील आहेत हो! वॉचमन आहेत, रात्रपाळीला.

माऊली_कृपा: माफ करा. मग लाडकी बहीण?

पायरीवरची: ते येतात. प्रश्न अंगठ्याचा आहे.

कोथिंबीर: 'मेरा ई-केवायसी' ॲप टाक, सोबत 'आधार फेस आरडी'. चेहरा दाखवून घरबसल्या होतं.

पायरीवरची: परवाच टाकलं. ओटीपी जुन्या सिमवर जातो, ते सिम कधीच बंद झालं.

कोथिंबीर: हे आत्ता सांगतेयस! आधार केंद्रात जाऊन नंबर बदल, बोटंही नव्याने घ्यायला लाव.

पायरीवरची: म्हणजे खाडा आलाच.

नीलमोहर: थांब. आमच्या दुकानातल्या नव्या मशीनला डोळ्याचं स्कॅनर आहे. तुमच्याकडे बघ.

पायरीवरची: काहीतरी जोडलेलं दिसतं खरं. विचारलं तर म्हणतो चालत नाही.

टपरीवाला: चालवायचं नसेल. १९६७ या रेशनच्या हेल्पलाइनवर तक्रार टाक आणि दुकान बदल. कार्ड तेच, दुकान कुठलंही.

पायरीवरची: रविवारी नेते मग आईला. रविवारी उघडं असतं का?

टपरीवाला: कुठलं दुकान, बाई? पुण्यात कुठे राहतेस ते अजून सांगितलं नाहीस.