रात्रीच्या बातम्या, फॉरवर्ड आणि उडालेली झोप: ज्येष्ठ मंडळात नेमकं काय सांगायचं?

धरमपेठकर
आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक मंडळात टीव्ही-मोबाइलच्या सवयींवर तासभर बोलायचं आहे. बहुतेकांचा क्रम ठरलेला: जेवता-जेवता चॅनेलवरची भांडणं, मग अंथरुणात व्हॉट्सॲप. सकाळी तक्रारी दोनच, झोप लागत नाही आणि जमाना फार बिघडला. ‘मोबाइल कमी करा’ हे तर नातवंडंही सांगतात. नेमकं काय बदलायला लावू? आणि फरक मोजायचा कसा?

वऱ्हाडी_वाचक
किती तास बघता यावर बोलू नका भाऊ, तेच ते किती वेळा बघता यावर बोला. एकाच चोरीचं सीसीटीव्ही फुटेज चॅनेल दिवसभर फिरवतं. डोक्यात मात्र ‘चोऱ्या फार वाढल्या’ असंच बसतं. हॅशर, गोल्डस्टीन आणि टॉपिनो या मानसशास्त्रज्ञांच्या 1977 च्या प्रयोगात हेच दिसलं: तेच विधान पुन्हा कानावर पडलं की, खरं असो वा खोटं, जास्त खरं वाटतं. चार ग्रुपांतून आलेला फॉरवर्डही चौघांनी तपासल्यासारखा वाटतो. मूळ एकच असतं.

म्हणून बातम्या बंद करायला सांगू नका, कोणी ऐकणार नाही. सकाळी पेपर, संध्याकाळी सातला अर्ध्या तासाचं एक बातमीपत्र. पेपरात बातमी एकदा येते आणि पेपर संपतो, हा त्याचा मोठा गुण. चर्चेचे कार्यक्रम सरळ वगळा. त्यात माहिती चिमूटभर, आरडाओरडा बादलीभर.

सेटिंगवाली
सगळ्यांचे फोन तिथंच हातात घेऊन करून द्या. घरी जाऊन कोणी करत नाही.

व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, मग स्टोरेज अँड डेटा. तिथं ऑटो-डाउनलोडच्या मोबाइल डेटा, वाय-फाय आणि रोमिंग अशा तिन्ही ठिकाणच्या खुणा काढा. ग्रुप म्यूट करताना ‘ऑलवेज’ निवडा, आठ तासांचं म्यूट सकाळी संपतं. मग आर्काइव्ह. इथंच बहुतेकांचं फसतं: ‘कीप चॅट्स आर्काइव्ह्ड’ चालू नसेल तर नवा मेसेज आला की ग्रुप पुन्हा वर. दुहेरी बाणाची खूणही दाखवा. तो मेसेज अनेक हातांतून फिरून आलेला असतो.

यूट्यूबची हिस्टरी पुसून थांबवली की पहिलं पान रिकामं होतं. आधी सांगितलं नाही तर ‘ॲप बिघडलं’ म्हणून फोन येतील तुम्हाला! ज्यांना भजनं हवीत त्यांची हिस्टरी राहू द्या, फक्त नको त्या वाहिनीवर ‘डोन्ट रेकमेंड चॅनेल’ दाबा. आणि रागानं कॉमेंट टाकू नका म्हणावं.

फोनमधल्या डिजिटल वेलबीइंगच्या टायमरवर, म्हणजे ॲपला रोजची वेळमर्यादा लावणाऱ्या सोयीवर, विसंबू नका. मध्यरात्री तो पुन्हा शून्यापासून मोजतो, म्हणजे बारा वाजता जागा असलेल्याला रान मोकळं. त्यापेक्षा चार्जर बैठकीच्या खोलीत ठेवा आणि अलार्मला साधं घड्याळ आणा.

धरमपेठकर
ताई, चार्जरचं पटलं. टीव्हीमुळे माणूस भित्रा होतो, असं सरळ सांगितलं तर चालेल का?

वऱ्हाडी_वाचक
नको. माध्यमांचे अभ्यासक जॉर्ज गर्बनर यांनी 1970 च्या दशकात मांडलं की जास्त टीव्ही बघणाऱ्यांना जग जास्त धोक्याचं वाटतं. पण पुढच्या अभ्यासांत हा सहसंबंध 0.1 च्या आसपासच, म्हणजे फारच कमजोर निघाला (0 म्हणजे काहीच संबंध नाही, 1 म्हणजे पूर्ण). शिवाय आधीच घाबरलेला माणूस घरात बसून जास्त टीव्ही बघत असेल, हेही शक्य आहे.

फुटाळा_पहाटे
झोपेचं सगळं खापर स्क्रीनवर फोडू नका. सहाच्या चहातलं निम्मं कॅफिन रात्री अकरालाही अंगात असतं. शेवटचा कप दोन-अडीचला, दुपारची झोप अर्धा तास. पहाटे उजाडताच 30 मिनिटं चालणं, आठवड्यातून पाच दिवस; उन्हाळ्यात सातनंतर निघण्यात अर्थ नाही.

मोजायला रोज तीन आकडे: शेवटची बातमी किती वाजता, दिवा किती वाजता घालवला, सकाळी मन दहापैकी किती. पहिला आठवडा काहीही न बदलता, दुसऱ्यात बदल करून. नवतप्यात, म्हणजे मे-अखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, मात्र हे सुरू करू नका. रात्री वीज गेली, कूलर थांबला की झोप मोडणारच आणि आकडे फुकट.

आणखी दोन प्रश्न कागदावर छापा: गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटला नाही, उदास वाटलं, असं किती दिवस? प्रत्येक प्रश्नाला वेगळे गुण: ‘अजिबात नाही’ला 0, ‘जवळजवळ रोज’ला 3. बेरीज 3 किंवा जास्त आली तर सेटिंगमध्ये वेळ घालवू नका, डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा फुकट क्रमांकही खाली छापा, जरा मोठ्या अक्षरात.