मल्टीमीटर संगणकावरून चालवताना 'रीड?'ला टाइमआउट : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

साडेसहा अंकी बेंच मल्टीमीटर यूएसबीने संगणकाला जोडलाय. एक व्होल्टेज रेफरन्स (ठरावीक, स्थिर व्होल्टेज देणारं सर्किट) रात्रभरात किती सरकतो ते दर मिनिटाला नोंदवायचं आहे. रात्रभर समोर बसून आकडे कोण लिहिणार, म्हणून पायथन आणि पायव्हिसा (पायथनमधून मापन-उपकरणांशी बोलायची लायब्ररी).

'*आयडीएन?' विचारलं की कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक, फर्मवेअर असं चारही भागांचं उत्तर लगेच येतं. १० एनपीएलसीवर (म्हणजे एक मापन मेन्सच्या १० सायकलींइतकं लांब) 'रीड?', म्हणजे मोजून आकडा द्यायची आज्ञासुद्धा चालते. १०० एनपीएलसी केलं की मात्र टाइमआउट, आणि तेव्हाही मीटरच्या पडद्यावर आकडा अगदी व्यवस्थित दिसत असतो! त्यानंतर काहीही विचारलं की मीटर बीप करतो आणि एररच्या रांगेत उणे ४१०, 'क्वेरी इंटरप्टेड'. केबल बदलली, दुसरा संगणक लावला, फरक शून्य. मीटर बिघडलाय का?

प्रतिसाद १

मीटर ठणठणीत आहे, घाई पायव्हिसाची आहे. तुमचा मेन्स ५० हर्ट्झचा धरला तर एक सायकल २० मिलिसेकंदांची, म्हणजे १०० एनपीएलसीला २ सेकंद. त्यात ऑटोझिरो चालू असेल तर मीटर प्रत्येक मापनानंतर इनपुट आतून तोडून स्वतःचं शून्यही मोजतो, त्यालाही तेवढाच वेळ. झाले जवळपास ४ सेकंद. पायव्हिसा मुळात थांबतं २००० मिलिसेकंद. १० एनपीएलसीला हेच सगळं ०.४ सेकंदात उरकतं, म्हणून तिथे काही जाणवत नाही.

टाइमआउट १०००० करा. ऑटोझिरो बंद करून वेळ वाचवायचा मोह होईल, पण रात्रभराचं ड्रिफ्ट मोजताना तो बंद ठेवलात तर मीटरचंच सरकणं रेफरन्सच्या नावावर जमा होईल.

उणे ४१० याच्यातूनच येतो. प्रोग्रामने नाद सोडला तरी मीटर मोजतच असतो. ते उत्तर कोणी उचलायच्या आत पुढचा प्रश्न आला की जुनं उत्तर फेकलं जातं आणि एरर नोंदते. टाइमआउट झालाच तर पुढचा प्रश्न विचारण्याआधी डिव्हाइस क्लिअर (मीटरमधलं अडकलेलं उत्तर पुसून टाकणारा संदेश) पाठवा.

मूळ प्रश्नकर्ता

१०००० केलं आणि चाललं, आभार! आता मीटर दुसऱ्या खोलीत न्यायचाय, तिथे यूएसबी पुरणार नाही. लॅनवर साधं सॉकेट उघडलं तर चालेल ना?

प्रतिसाद २

चालेल, पण जपून. साध्या सॉकेटवर उशिरा आलेलं उत्तर फेकलं जात नाही, ते बफरमध्ये पडून राहतं आणि पुढच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून तुमच्या हातात येतं. तिथून पुढे रात्रभराच्या सगळ्या नोंदी एकेक ओळ सरकलेल्या, आणि एरर कुठेच नाही. माझ्या मते हे उणे ४१०पेक्षा वाईट, तो निदान ओरडतो तरी. मीटरला व्हीएक्सआय-११ किंवा हायस्लिप (लॅनवरून उपकरणं चालवायचे प्रोटोकॉल) येत असेल तर तेच वापरा, त्यांत डिव्हाइस क्लिअरची सोय आहे. सॉकेटच वापरायचं असेल तर टाइमआउट झाल्यावर जोडणी बंद करून नव्याने उघडा, आणि प्रत्येक नोंदीपुढे संगणकाची वेळही लिहीत चला.