ओ'ड्रिस्कॉलला डच्चू: गॅटलंडचं चुकलंच!

लिफीकाठ: २०१३चा लायन्स दौरा. (लायन्स म्हणजे ब्रिटन-आयर्लंडचा एकत्रित रग्बी संघ.) ऑस्ट्रेलियात मालिका १-१, कप्तान वॉरबर्टन जायबंदी. सिडनीत कप्तानी ब्रायन ओ'ड्रिस्कॉलकडे येणार असं सगळे धरून चालले होते. प्रशिक्षक वॉरन गॅटलंडनं त्याला २३ जणांतही ठेवलं नाही! आयर्लंडचा प्रशिक्षक असताना १९९९मध्ये त्याला पहिली संधी देणारा हाच गॅटलंड. वर सुरुवातीच्या पंधरात दहा वेल्सचे, ओ'ड्रिस्कॉलच्या तेरा नंबरच्या (मधल्या फळीतल्या) जागेवरही वेल्सचा डेव्हिस, आणि गॅटलंड तेव्हा वेल्सचाच प्रशिक्षक. मला ते आजही पटत नाही.

स्क्रमवाला: ४१-१६ जिंकले की. आणखी काय हवं?

लिफीकाठ: जिंकले ते पुढच्या फळीच्या जोरावर. कॉर्बिसिएरो परतला आणि ऑस्ट्रेलियाचा स्क्रम (चेंडूसाठी दोन्ही पुढच्या फळ्यांची रेटारेटी) पार ढेपाळला. हाफपेनीनं एकट्यानं २१ गुण काढले. तेरा नंबरला कोण होतं यानं काय फरक पडला?

स्क्रमवाला: फरक पडत नव्हता, मग ओ'ड्रिस्कॉलसाठी एवढा गळा का काढताय? :) रॉबर्ट्स दुखापतीतून परतला होता, वेल्सकडून डेव्हिस आणि तो कायम शेजारीशेजारी खेळायचे. सरावाला वेळ नसताना तयार जोडी मिळाली तर कोण सोडेल? ओ'ड्रिस्कॉल ३४चा, पहिल्या दोन कसोटींत त्याच्या धावण्याला धार नव्हती. २०००मध्ये पॅरिसला तीन ट्राय (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवणं) मारून आयर्लंडला तिथला २८ वर्षांतला पहिला विजय मिळवून देणारा पोरगा वेगळा होता. पुण्याईवर संघ निवडत नाहीत.

आडवा_पास: पुण्याईचं सोडा, देणं होतं की नाही? २००५मध्ये तो लायन्सचा कप्तान. क्राइस्टचर्चला पहिल्याच कसोटीत, खेळ सुरू होतो न होतो तोच न्यूझीलंडच्या उमागा आणि मेअलामूनं त्याला उचलून आपटलं, खांदा निखळला, दौरा संपला. त्या दोघांना शिक्षा शून्य. निदान राखीव खेळाडूंत तरी घ्यायचं! (मी मुळात क्रिकेटवाला, तरी ती क्लिप बघवत नाही.)

स्क्रमवाला: न्यूझीलंडमधल्या अन्यायाची भरपाई गॅटलंडनं सिडनीत का करायची?

लिफीकाठ: सिडनीनंतर आठ महिन्यांनी पॅरिसमध्येच फ्रान्सला २२-२० हरवून आयर्लंडनं सिक्स नेशन्स (युरोपातल्या सहा संघांची स्पर्धा) जिंकली. तेरा नंबरला तोच होता. संपलेला माणूस असा खेळतो?

स्क्रमवाला: संपला होता असं मी कुठं म्हटलं? त्या शनिवारी डेव्हिस जास्त सोयीचा होता, एवढंच.