राऊटरनं दाराच्या खाचा पाडायचा जिग: उभ्या पट्टीला आणि आडव्या पट्टीच्या टोकाला एकच चालेल का?

बंडीकार_मूल (ता. मूल, जि. चंद्रपूर)

नमस्कार मंडळी. आमचं घर पिढीजात वाढईकामाचं. बाबांनी जन्मभर बंडीची चाकं केली. बाभळीच्या तुंब्यात (चाकाच्या मधल्या ठोकळ्यात) आऱ्यांसाठी खाचा पाडायच्या, त्याही पटाशी आणि मोगरीनं (लाकडी हातोड्यानं). त्यांनी लावलेली दारं गावात अजून झुकलेली नाहीत. आता बंड्या गेल्या. दारं-खिडक्या, लग्नसराईत दिवाण आणि सोफा, पोळ्याच्या आधी लेकरांसाठी तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी, एवढ्यावर दुकान चालते. बाबांचा हात आता मोगरी पेलत नाही, आणि खाचा एकट्यानं हातानं पाडायच्या तर एका दारातच आठवडा जातो.

सध्या हातात एका नवीन घराचं काम आहे. आतली सहा दारं, सात बाय अडीच फूट, ३५ मिमी जाडीची, दिल्हेदार (पट्ट्यांच्या चौकटीत फळ्या, म्हणजे दिल्हे, बसवलेली). बाहेरचं मोठं दार वेगळं. लाकूड बल्लारशाच्या डेपोतल्या लिलावातलं सागवान, आरागिरणीतून कापून आणलेलं, दोन पावसाळे शेडमध्ये रचून ठेवलेलं.

माझ्याकडे अर्ध्या इंचाचा प्लंज राऊटर (फिरतं पातं वरून लाकडात उतरवणारी मशीन) आहे, सोबत आलेला साइड गाइड (राऊटर कडेला समांतर ठेवणारी पट्टी) आहे आणि १२ मिमीचं सरळ बिट (कापायचं पातं) आहे. विचार असा आहे की उभ्या आणि आडव्या दोन्ही पट्ट्यांत खाचा पाडायच्या आणि मधे सुटं टेनन (दोन्ही खाचांत शिरणारा सपाट लाकडी तुकडा) फेविकॉल लावून बसवायचं, म्हणजे आडव्या पट्टीच्या टोकाला टेनन कापत बसायला नको. बाभळीच्या तुकड्यांवर करून पाहिलं. ३५ मिमीच्या धारेवर राऊटरचा बेस डुगडुगते, खाचेच्या भिंती सरळ उतरत नाहीत. आडव्या पट्टीच्या टोकावर तर बेस टेकायला जागाच नाही. त्यात खाच बरोबर मधोमध कशी आणायची, तेही समजून नाही राहिलं. व्हिडिओत लोक अशाच खाचा पाडणारी फेस्टूलची डोमिनो मशीन दाखवतात, ती लाखाच्या वर जाते. ते आपलं काम नाही.

जिग (पट्टी आणि राऊटर बरोबर जागी धरणारा साचा) कसा करावा? आणि सुट्या टेननवर दार टिकते का? बाबांचा या गोष्टीवर विश्वास बसून नाही राहिला.

वडसा_फर्निचर

भाऊ, एवढा खटाटोप कशाला? १० मिमीचे डोव्हेल (गोल लाकडी खुंट्या) टाका, एका सांध्याला तीन. ड्रिलला लाकडी ठोकळ्याचा गाइड करा, दिवसाला दोन दारं निघतात. पलंगाला आणि कपाटाला मी हेच करतो, आजवर तक्रार नाही.

ताई_सेलू_वर्धा

पलंगाला डोव्हेल चालेल, दाराला नको. दार रोज आपटतं आणि सगळा भार एका बाजूला बिजागऱ्यांवर असतो. उभ्या पट्टीतलं गोल भोक लाकडाच्या रेषांना (तंतूंना) आडवं जातं, त्यामुळे डोव्हेलच्या गोलाईचा थोडाच भाग फेविकॉल नीट धरेल अशा लांब रेषांना भिडतो. बाकी सगळी टोकाची रेषा, तिथं चिकटलं काय अन् न चिकटलं काय सारखंच. शिवाय आपल्याकडे मे महिन्यात लाकूड इतकं वाळतं की गोल भोक अंडाकृती होतं, डोव्हेल गोलच राहतो, आणि दोन उन्हाळ्यांत सांधा हलायला लागतो. सपाट टेननचे दोन्ही गाल (रुंद बाजू) खाचेच्या लांब भिंतींना पुरते चिकटतात. दार टिकतं ते या गालांमुळे.

आता जिग. मी सेलूजवळ वर्कशॉप चालवते, मुलींना सुतारकाम शिकवते. आमच्याकडे सगळ्या खाचा याच पद्धतीनं होतात, म्हणून सविस्तर लिहिते.

मधोमधचा नाद आधी सोडून द्या. खाच मधोमध असायची गरजच नाही. प्रत्येक पट्टीची दर्शनी बाजू ठरवा, तिच्यावर पेन्सिलनं ठळक खूण करा, आणि खाच पाडताना ती बाजू दर वेळी जिगलाच टेकवा. समजा खाच दर्शनी बाजूपासून ११ मिमीवर आली आणि मागून १२ राहिले. दोन्ही पट्ट्यांत ते ११ सारखेच आहेत, म्हणून दोघींचे चेहरे एका पातळीत बसतील. पट्टी उलटून दोन्हीकडून कापली की खाच मधोमध येते खरी, पण तिची रुंदी तुमच्या हातात राहत नाही आणि प्रत्येक खाचेला वेगळं टेनन घासत बसावं लागतं. माझ्या मुलींना पहिल्या दिवशी मी हेच शिकवते. मशीन सुरू करणं त्याच्यानंतर.

जिग म्हणजे एक जाड ठोकळा, बस. १९ मिमीचा वॉटरप्रूफ प्लाय घ्या. ६०० लांब आणि २०० उंच असे चार तुकडे एकमेकांवर चिकटवा, ७६ मिमी जाडीचा ठोकळा होईल. एमडीएफ घेऊ नका, आपल्या पावसाळ्यात तो फुगतो. वरची धार आणि समोरचा चेहरा गुण्यात पक्का ९० अंश आहे का ते पाहा, सगळं त्यावर अवलंबून आहे. हा ठोकळा टेबलाच्या काठाला असा आवळा की समोरचा चेहरा काठाबाहेर राहील.

उभी पट्टी त्या चेहऱ्याला दर्शनी बाजूनं टेकवायची, तिची धार ठोकळ्याच्या माथ्याशी बरोबर जुळवायची आणि क्लॅम्प मारायचे. सात फुटी पट्टीच्या लोंबत्या टोकाला खालून टेकू द्या. आता राऊटरच्या बेसखाली ७६ अधिक ३५, म्हणजे १११ मिमी सपाट जागा झाली. डुगडुग संपली. साइड गाइड ठोकळ्याच्या मागच्या चेहऱ्यावरून सरकेल.

आडव्या पट्टीसाठी त्याच ठोकळ्याच्या समोरच्या चेहऱ्यावर एक उभी फळी स्क्रूनं लावा, माथ्याशी अगदी काटकोनात. पट्टी तिला टेकवून उभी धरा, टोक माथ्याशी जुळवा, क्लॅम्प मारा. गाइडची सेटिंग अजिबात हलवायची नाही. तुम्ही विचारलं ना एकच जिग चालेल का? चालतो. चालायलाच पाहिजे, दोन जिग केले की दोन मापं होतात.

खाचेची लांबी हातानं मोजत बसू नका. माथ्यावर दोन आडकाठ्या लावा, बेस त्यांना आपटून थांबेल. दोन आडकाठ्यांतलं अंतर म्हणजे बेसचा व्यास, अधिक खाचेची लांबी, वजा बिटचा व्यास. बेस १७० असेल, खाच ८० हवी आणि बिट १२ चं, तर १७० + ८० - १२ = २३८ मिमी. ठोकळ्याच्या चेहऱ्यावर मध्यरेषा ओढून ठेवा आणि पट्टीवरची सांध्याची मध्यरेषा तिच्याशी जुळवा.

कापताना एका फटक्यात ३-४ मिमीपेक्षा खोल जाऊ नका. गाइड उजव्या हाताला येईल असं उभं राहा आणि राऊटर पुढे ढकला. बिट वरून पाहता घड्याळाच्या दिशेनं फिरतं, त्यामुळे राऊटर डावीकडे ओढला जातो आणि गाइड आपोआप ठोकळ्याला घट्ट बसतो. उलट दिशेनं ओढलं तर गाइड सुटून खाच वाकडी होते. प्रत्येक फटक्यानंतर भुसा काढा. शक्य असेल तर वरच्या दिशेनं भुसा फेकणारं स्पायरल कार्बाइड बिट घ्या, महाग आहे पण खाचेत भुसा दाबत नाही. साध्या पोलादाचं बिट सागवानात लवकर मरतं, या लाकडात वाळूसारखी सिलिका असते.

टेमप्लेट (वर ठेवायचा साचा) आणि गाइड बुशची (साच्याच्या कडेनं फिरणाऱ्या राऊटरखालच्या कडीची) पद्धतही आहे, तिला मी दारासाठी नको म्हणते. टेमप्लेटची १०-१२ मिमी जाडी तुमच्या खोलीतून जाते. दाराला दोन्हीकडे निदान ५० मिमी खाच हवी, प्रत्येक मिलिमीटर मोलाचा आहे.

बंडीकार_मूल

ताई, मनापासून आभार. ठोकळा आजच चिकटवतो. दोन गोष्टी सांगा. टेनन कसं तयार करू? अन् खालची आडवी पट्टी २०० मिमी रुंद आहे, तिला एकच लांब खाच करू का?

फीडर_दारव्हा

ताईनं समदं बरोबर सांगतलं. म्या दोन गोष्टी जोडतो, भाऊ, ध्यानात ठेवजा.

तुमचा राऊटर अर्ध्या इंचाचा हाय, म्हंजे कॉलेट (बिटाची दांडी पकडते ते) १२.७ मिमी. बिटाची दांडी १२ मिमीची असंल तं ती त्या कॉलेटात कधीच घट्ट बसत नाही. कापता कापता बिट खाली सरकते, खाच खोल होत जाते, नाही तं बिट सुटून उडते. पयले दांडी कॅलिपरनं मोजा. १२ ची निंगाली तं १२ चा कॉलेट आणा, कागद गुंडाळून भागवू नका. अन् दांडी अर्ध्या इंचाची अन् बिट १२ चं असंल तं दांडी बिटाहून जाड झाली, धार सरली का पुढं खाचेत जाणारच नाही. खोल खाचंले अर्ध्या इंचाच्या दांडीवर अर्ध्या इंचाचंच बिट घ्या, टेननबी मंग १२.७ चं करा. दांडी कॉलेटात पुरी घाला, तळाले टेकली का दोन मिमी वर उचला, मंगच आवळा.

दुसरं लायटीचं. आपल्या गावठाण फीडरवर (गावाच्या लायटीच्या लाइनीवर) संध्याकाळी व्होल्टेज पडते. राऊटरचा आवाज दबला का थांबा, जोर लावू नका, मोटर जळते. वायर लांबून आणली असंल तं २.५ स्क्वेअर मिमीची घ्या. हे काम सकाळी करत जा.

ताई_सेलू_वर्धा

दारव्ह्याच्या भाऊंनी कॉलेटचं सांगितलं ते फार महत्त्वाचं. आधी दांडी मोजा, मगच मशीन लावा.

टेनन: उरलेल्या सागवानातले सरळ रेषांचे तुकडे निवडा, गाठीचे अजिबात नको. रेषा टेननच्या लांबीत धावल्या पाहिजेत. हातभर लांब पट्टी रंधून खाचेच्या जाडीची करा आणि मग तुकडे पाडा. खरी परीक्षा अशी: अंगठ्यानं दाबलं की आत जावं, आणि पट्टी उलटी धरली तरी गळून पडू नये. मोगरी लागली तर घट्ट आहे, फेविकॉल सगळा बाहेर खरवडला जाईल. खाच ५० आणि ५० असेल तर टेनन ९७ ठेवा, दोन्ही तळांत फेविकॉलला जागा राहते. टेननच्या गालावर पटाशीनं एक बारीक चर ओढा, नाही तर अडकलेला फेविकॉल आणि हवा सांधा मिटू देत नाहीत.

खाचेची टोकं गोल येतील. ती पटाशीनं चौकोनी करायची गरज नाही. टेननच्या कडा रंध्यानं गोल करा, किंवा टेनन २-३ मिमी अरुंद करून कडा चौकोनीच ठेवा. ताकद गालांत आहे, कडांत नाही, आणि जोडताना पट्टी थोडी वरखाली सरकवायला जागाही मिळते.

खालच्या पट्टीला एकच लांब खाच करू नका. तेवढी पोकळी झाली की उभी पट्टी खालून चिरते. ६० मिमीच्या दोन खाचा करा, मधे ३० मिमी भरीव लाकूड सोडा, वर आणि खाली २५-२५ उरतील. दिल्ह्याची चर वरच्या २५ मध्येच येते, तेव्हा आधी कागदावर खऱ्या मापात काढून पाहा. आणि कुलूप! लोक कुलपाची पट्टी मधे जोडतात आणि मग कुलपाचं घर पाडताना बिचारं टेनन अर्धं कापून काढतात. मालकाला कुलूप आधी आणायला सांगा, हातात घेऊन मोजा, आणि सांधा त्याच्या वर किंवा खाली घ्या.

दिल्हा चरीत कोरडाच बसवा, एक थेंबही फेविकॉल नको. ३०० मिमी रुंदीची सपाट कापाची सागवानी फळी आपल्या मे आणि ऑगस्टच्या हवेत तीन-चार मिमी सहज फुगते-आकसते. सध्या उन्हाळ्यात बसवत असाल तर चरीत तेवढी मोकळीक सोडा.

बंडीकार_मूल

बाबांना वाचून दाखवलं. दर्शनी बाजूचं ऐकून म्हणाले, "हे तं आमीबी करत होतो, खूण केल्याबिगर पटाशी लावत नव्हतो." आता ते स्वतः ठोकळा गुण्यात तपासून राहिले. शेवटचं एक विचारतो ताई, बाहेरच्या मोठ्या दारालाही हेच करू का? ते ४० मिमीचं आहे, पाऊस थेट लागते.

ताई_सेलू_वर्धा

नको. बाहेरचं दार बाबांच्या पद्धतीनंच करा: आरपार खाच, आडव्या पट्टीचंच टेनन आणि बाहेरून सागवानी पाचर. पावसात फेविकॉलनं दगा दिला तरी पाचर सांधा धरून ठेवते, सुट्या टेननजवळ तसा दुसरा आधार नाही. आरपार खाचही याच ठोकळ्यावर दोन्ही धारांतून अर्धी अर्धी पाडता येते, फक्त दोन्ही वेळा तीच दर्शनी बाजू टेकवा. पाचरीसाठी बाहेरच्या तोंडाशी खाच थोडी तिरकी करावी लागते, ते बाबांकडून पटाशीनं करून घ्या.

आतल्या दारांना फेविकॉल लावायच्या आधी टेनन आणि खाच थिनरच्या फडक्यानं पुसा, सागवानाचं तेल निघून जातं, आणि वाळलं की लगेच जोडा. उन्हाळ्यात फेविकॉल पाच मिनिटांत साय धरतो, म्हणून सगळ्या पट्ट्या आधी फेविकॉलशिवाय कोऱ्या जोडून पाहा, क्लॅम्प उघडून हाताशी ठेवा आणि सकाळी सातच्या आत काम उरका. दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले की मगच पुरतं आवळा. अन् तोंडाला मास्क बांधा, राऊटरचा सागवानी भुसा फार बारीक उडतो, छातीत जातो.